गाडी कोण चालवत होतं?

किराणा दुकानवाले एक शेठ माझ्याकडं गाडी शिकायला यायचे. माणूस व्यवहाराला चोख, बोलायला गोड, पण समोरून ट्रक आला की स्टेअरिंग सोडून दोन्ही हात जोडायचे. ट्रकला नमस्कार! मी शेजारून उजव्या हातानं स्टेअरिंग धरायचं, पायानं ब्रेक दाबायचा. ट्रक गेला की शेठ डोळे उघडून विचारायचे, "गेला का? अल्ला तुमचं भलं करो, शेखसर." मी म्हणायचो, "शेठ, अल्लाला दुसरी कामं हायेत. तुम्ही हात स्टेअरिंगवर ठेवा."

एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना हॉर्न वाजवणं उद्धटपणाचं वाटायचं. रस्त्यात म्हैस बसलेली असली की त्या काच खाली करून तिला समजावून सांगायच्या. म्हैस ऐकायची नाही. मग बाई माझ्याकडं अशा बघायच्या, जणू म्हैस माझ्याच वर्गातली आहे. पण बाई शिकल्या. शेठही शिकले. जालन्यात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात माझी सारी उमर गेली, आणि आज रस्त्यानं निघालो की निम्मे लोक मला बघून उगाच सीटबेल्ट चाचपतात.

आमचा धंदा बाहेरच्याला सोपा वाटतो. शिकणारा गाडी चालवतो, मास्तर शेजारी बसून पान खातो. पण स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही ब्रेक आणि क्लच असतो, आणि आमचं सगळं शास्त्र त्या ब्रेकवर पाय कधी टाकायचा आणि कधी नाही, ह्यात आहे. माझे उस्ताद सांगायचे, "शिकणाऱ्याच्या आधी तूच ब्रेक मारला, तर गाडी तूच चालवून राह्यला. तो जिंदगीभर पाहुणाच राहील. त्याला एक दम दे." एक दम म्हणजे एक श्वास. धोका दिसला की आपला पाय ब्रेकवर न्यायचा, पण दाबायचा नाही. त्यानं मारला तर उत्तम. नाही मारला तर मग आपण. तेवढ्या एका श्वासात माणूस घाबरतो, आणि एकदा घाबरला की शिकतो. मी हजारो लोकांना हा एक दम दिला, आणि कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

तरी सगळं शिकवून काय उपयोग, असंही अनेकदा वाटलं. माझा धाकटा भाऊ सलीम काळीपिवळी जीप चालवायचा. त्याला मीच शिकवलेलं, त्याच्यासारखा हात जिल्ह्यात कोणाचा नव्हता. लग्नसराईत फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या आणि अंबडहून परत येताना त्याला डुलकी लागली. पुढं पूल होता. सलीम गेला, आणि त्यानंतर मला सारखं वाटायचं की झोप न येणारा ड्रायव्हर पाहिजे. दारू न पिणारा, मोबाइल न बघणारा, घरी बायकोशी भांडून आल्यावर राग ॲक्सिलरेटरवर न काढणारा. असा माणूस मला काही तयार करता आला नाही.

म्हणून बाहेरून एक कंपनी आपोआप चालणारी गाडी घेऊन जालन्यात आली, तेव्हा बाकीचे हसले, मी हसलो नाही. ही गाडी चांगल्या गुळगुळीत रस्त्यांवर शिकून झाली होती. आता तिला आपले रस्ते दाखवायचे होते. तिच्याबरोबर निखिल नावाचा इंजिनिअर होता, शांत, विचारी मुलगा. तो म्हणाला, "काका, जी गाडी इथं चालेल, ती कुठंही चालेल." मी म्हटलं, "बेटा, इथं तर माणसाला चालता येत न्हाई."

कंपनीला स्थानिक ड्रायव्हर हवे होते. गाडी स्वतः चालणार, पण ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसणार. हात स्टेअरिंगजवळ, पाय ब्रेकजवळ, आणि गाडी चुकली तर त्यानं ताबा घ्यायचा. मला त्यांनी अशी माणसं तयार करायला घेतलं. म्हणजे आमचंच काम, फक्त शिकाऊ माणसाऐवजी मशीन. मी खूश होऊन निखिलला सांगितलं की शेजारी बसून लक्ष ठेवण्यात माझा जन्म गेलाय.

तो म्हणाला, "काका, मला भीती त्याचीच वाटते. शिकणारा माणूस सारखा चुकतो, म्हणून तुम्ही जागे राहता. ही गाडी दिवसदिवस चुकत नाही. मग बसणाऱ्याचं मन हळूहळू सैल पडतं. माणूस झोपत नाही, पण मनानं तिथं नसतोही. आमच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट ही आहे, आणि तिच्यावर आम्हाला इलाज सापडलेला नाही."

मला हे काही पटलं नाही. शहरातल्या पोरांना कंटाळा लवकर येतो, असं मी मनात म्हटलं.

सीटवर बसायला मी पहिलं नाव दिलं ते संगीताचं. संगीता माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. नवरा वारल्यावर शिकायला आली, लायसन काढलं, कर्ज काढून टेम्पो घेतला आणि एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या प्लँटवर कामाला जाणाऱ्या बायकांची ने-आण करू लागली. सासू आणि दोन लेकरं तिच्या स्टेअरिंगवर. सुरुवातीला पुरुष ड्रायव्हर मुद्दाम कट मारायचे. ती काच खाली करून म्हणायची, "काय भाऊ, घरी आई वाट पाहून राह्यली का?" पुढचा गप्प व्हायचा. कंपनीचा पगार टेम्पोपेक्षा बरा होता. तिनं टेम्पो चुलतदिराला चालवायला दिला आणि ह्या गाडीत येऊन बसली.

जालन्याहून अंबड, पुढं साखर कारखान्याचं अंकुशनगर आणि परत, असा रस्ता ठरला. डोक्यावर फिरतं यंत्र असलेली पांढरी गाडी लोकांच्या लगेच ओळखीची झाली. फाट्यावरच्या चहावाल्यानं पहिल्या दिवशी विचारलं, "चाचा, हिला चहा चालतो का?" तिथं बसलेला एक टेम्पोवाला मात्र गंभीर होता. तो म्हणाला, "ते जाऊ द्या. हिनं कट मारला तर शिव्या कोणाला द्यायच्या?" सगळे खो-खो हसले, निखिलसुद्धा.

आणि गाडी चालायची, खरं सांगतो, झकास. एकदा मी मागं बसलो होतो. स्टँडजवळ उभ्या असलेल्या बसच्या पुढून एक म्हातारी अचानक रस्त्यात आली. मला ती दिसायच्या आत गाडी थांबली होती. म्हातारी बोनेटवर हात टेकून दोन शिव्या देऊन निघून गेली. मी खाली उतरलो, बाजूला गेलो आणि रडलो. सलीमच्या जीपला असं काही असतं तर, एवढंच डोक्यात होतं. संगीता मागून आली आणि तिनं पाण्याची बाटली पुढं केली.

मग उसाचा हंगाम सुरू झाला. त्या दिवसांत हा रस्ता ज्यानं पाहिला नाही, त्याला सांगतो. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी आणि मागं लोंबलेला, मागचे दिवे कधी असतात, कधी उसात बुडालेले. रस्ताभर वाढं पडतं. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. गाडी प्रत्येक वाढ्याला थांबायला लागली. समोर हिरवं काही आडवं दिसलं की करकचून ब्रेक! मागचे दूधवाले, टेम्पोवाले आमच्या घराण्याचा उद्धार करायचे. एक मोटारसायकलवाला तर मागून येऊन धडकता धडकता वाचला. संगीता वैतागून म्हणायची, "सर, हा बैल चाऱ्यापाशी अडून राह्यला. हाकावा तरी कसा?"

शेवटी कंपनीनं गाडीला शिकवलं, की हा कचरा आहे, ह्यावरून जायचं. निखिलला आणखी थोडे दिवस थांबावंसं वाटत होतं, पण वरच्यांना घाई होती. दुसऱ्या दिवसापासून गाडी वाढ्यावरून सरळ निघाली. आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आता इथं एक गोष्ट आहे. ट्रॉलीचं टायर बसलं, एक्सल मोडला, की आपल्याकडं ट्रॅक्टरवाला काय करतो? लाल त्रिकोण कोणाकडं असतो? तो मागं थोड्या अंतरावर रस्त्यात दोन दगड ठेवतो आणि त्यात वाढ्याचा किंवा बाभळीच्या फांदीचा झुपका खोवतो. पुढं गाडी बंद पडलीय, सांभाळा, असा त्याचा अर्थ. पडलेलं वाढं कसंही पडतं. ठेवलेल्या वाढ्यापाशी दगड असतो. हे सायकलवाल्यालाही कळतं, शेरडं राखणाऱ्यालाही कळतं. गाडीला मात्र आमच्यापैकी कोणी सांगितलं नाही. लपवलं नाही हो! ही सांगायची गोष्ट आहे, हेच कोणाच्या ध्यानात आलं नाही. श्वास घेतो तो कसा घेतो, हे कोणी कोणाला सांगतं का?

त्या दिवशी मी गाडीत नव्हतो. उन्हं उतरायच्या वेळेला संगीताचा फोन आला. "सर, या," एवढंच म्हणाली. मी मिळेल त्या मोटारसायकलवर बसून गेलो. गर्दी होती. उसाची ट्रॉली एका अंगावर कललेली, तिच्या मागच्या चाकाशी आमची पांढरी गाडी घुसलेली. धडक बसली तेव्हा ट्रॅक्टर चालवणारा लक्ष्मण मागं बसून चाकाखाली जॅक लावत होता. त्याला अँब्युलन्सनं नेलं होतं, पण नेण्यात काही अर्थ नव्हता, हे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं. निखिल लॅपटॉप छातीशी धरून रडत होता. दोन दगड रस्त्यात तसेच होते, मधलं वाढं गाडीखाली चेंगरलं होतं.

लोकांनी संगीताला मारलं नाही, कारण बाई होती. शिव्या मात्र भरपूर दिल्या. तिला बाजूला घेतलं तेव्हा ती माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"सर, मला दिसलं होतं. वाढं दिसलं, दगड दिसले. माझा पाय ब्रेकवर गेल्ता. मी म्हटलं, आता हा हळू करील. इतके दिवस शहाण्यासारखा चालून राह्यला, करीलच. त्याला एक दम दिला मी. सर, त्यानं केलंच न्हाई."

माझ्या उस्तादांचा शब्द होता तो. माणसाच्या पोराला तो श्वास दिला की ते घाबरून ब्रेक मारतं. मशीन घाबरतच नाही, मग तो श्वास त्याच्या काय कामाचा? तेवढ्या वेळात गाडी लक्ष्मणपर्यंत पोचली. निखिलनं नंतर सांगितलं, की तिरप्या उन्हात ट्रॉलीमागं लोंबणारा ऊस गाडीला रस्त्याकडेचं शेत वाटला. दगड तिला दिसले होते, पण दोन चाकांच्या मधून जातील एवढे लहान. आणि वाढं? वाढं तर कचराच होतं. तिनं शिकवल्याप्रमाणे सगळं बरोबर केलं होतं.

पोलिसांनी पंचनामा केला. हवालदारानं विचारलं, "स्टेअरिंगमागं कोण होतं?" संगीतानं हात वर केला. निखिल पुढं होऊन सांगायला लागला, की त्या वेळेला गाडी स्वतः चालत होती. हवालदार काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "साहेब, मी गुन्हा गाडीवर कसा दाखल करू? मला माणसाचं नाव पाहिजे."

मग माणसाचं नाव लागलं. हयगयीनं वाहन चालवून एकाच्या मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा संगीतावर. लायसन जमा. कंपनीचे वकील आले, गोड बोलले, म्हणाले की ताबा घ्यायची जबाबदारी सीटवरच्या व्यक्तीची, तसं नोकरीच्या वेळीच ठरलं होतं. मग एक मोठा कंटेनर आला, पांढरी गाडी त्यात चढवली, ताडपत्री टाकली आणि घेऊन गेले. निखिलनं जे घडलं ते सगळं पोलिसांना जबाबात सांगितलं आणि नोकरी सोडली. अजून मला फोन करतो. "काका, मी वरच्यांपुढं आधीच ओरडायला पाहिजे होतं," म्हणतो. तो ओरडला असता तरी ऐकणारं कोण होतं!

लोक मला विचारतात, "शेखसर, तुम्ही तर म्हणायचे ही गाडी आली की माणसं वाचतील." हो, म्हणायचो. त्या म्हातारीला तिनं वाचवलं, ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. कदाचित पुढं आणखी पुष्कळांना वाचवील. पण सलीम गेला तेव्हा माझ्या आईनं मला विचारलं होतं, "उसे नींद कैसी आई रे?" उत्तर नव्हतं, तरी विचारायला एक माणूस होता, एक डोळा लागला होता. आता माणूस मरेल आणि विचारायचं कोणाला, तेच कळणार नाही. जो कोणी जवळ बसलेला असेल, त्याच्या गळ्यात ते पडेल. मला आता ह्या गाडीची आशाही वाटत नाही आणि तिचा रागही येत नाही. नुसतं रिकामं वाटतं. स्कूल मी बंद केलं. शिकणाऱ्याशेजारी बसलो की एक दम द्यायचा धीरच होत नव्हता. शिकाऊ पोरांनी क्लच सोडायच्या आत मी ब्रेक दाबायचो. असं कोणी शिकत नसतं.

संगीता आता टेम्पोत मागं बसून जाते. स्वतःच्याच टेम्पोत. चुलतदीर चालवतो, ती ज्या बायकांना पोचवायची त्यांच्यात बसून प्लँटवर बियाणं निवडायला जाते. तिच्या वकिलांनी मात्र आशा सोडली नव्हती. हुशार माणूस. ते म्हणाले, "ताई, आपली केस एका वाक्यावर उभी आहे. 'मी गाडी चालवत नव्हते.' कोणीही विचारो, कुठंही विचारो, हेच वाक्य. हे टिकलं तर तुम्ही सुटाल, लायसन परत मिळेल, टेम्पोवर बसाल." संगीतानं मान हलवली. मी तिच्याकडून चारदा वदवून घेतलं.

तारीख होती. आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. समोर लक्ष्मणची बायको मीरा बसली होती, आष्टीकडून पहाटेच्या एसटीनं सासऱ्याबरोबर आलेली. प्रत्येक तारखेला यायची, कधी बोलली नव्हती. त्या दिवशी ती उठली, संगीतापुढं येऊन उभी राहिली. आवाज अगदी हळू.

"बाई, एक विचारू का? आमच्याकडं लोक म्हणतात, गाडीत कोणीच न्हवतं. आपोआप आली अन् मारून गेली म्हणतात. सासू म्हणती, करणी हाय. लेकरू विचारतं, बापाला कोणी मारलं? मी काय सांगू त्याला? गाडी कोण चालवत होतं?"

वकील घाईनं पुढं आले. "ताई, काही बोलू नका." मीही संगीताचा हात दाबला. ते वाक्य तिच्या ओठावर होतं, मला दिसत होतं. संगीता मीराच्या तोंडाकडं बघत राहिली.

"मी," ती म्हणाली. "मी चालवत होते, माय."

"मंग ब्रेक कामून न्हाई मारला?"

"मारला. उशिरा मारला."

मीरानं मान हलवली. पदर सावरून सासऱ्याशेजारी जाऊन बसली आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. म्हाताऱ्यानं पहिल्यांदा संगीताकडं नीट पाहिलं.

वकिलांनी मला बाजूला ओढलं. "शेखसर, हे काय करून बसली ही? आत तरी नीट बोलायला सांगा." मी संगीताला सांगितलं, "बेटा, लेकरांकडं बघ. टेम्पोकडं बघ. आत गेल्यावर तेवढं एक वाक्य." तेवढ्यात पुकारा झाला.

न्यायाधीश साहेबांनी आरोप वाचून दाखवला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

"कबूल आहे."

साहेबांनी वर पाहिलं. वकील उठून काहीतरी म्हणायला लागले, साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. "बाई, विचार करून सांगा. कबूल केलं तर शिक्षा होऊ शकते. तुमचे वकील म्हणतात, गाडी यंत्र चालवत होतं. कंपनीचं म्हणणं वेगळं आहे. हे सगळं अजून ऐकायचं आहे. तुमच्यावर कोणी दबाव आणलाय का?"

"न्हाई, साहेब."

"मग कबूल कशासाठी करता?"

संगीतानं मागं वळून दाराकडं पाहिलं. दारात मीरा उभी होती. कंपनीलाही कोर्टानं बोलावलं होतं, पण तिच्या वकिलांची खुर्ची रिकामी होती, त्यांनी पुढची तारीख मागणारा अर्ज पाठवला होता.

"साहेब," संगीता म्हणाली, "दुसरं कोणी कबूल करायला आलंय का?"